कॉर्नर फ्लॅगला वळसा

माझी राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने पळणारी खेळाडू, चेंडू मागेच सोडून सुसाट पुढे गेली. मैदानाच्या कोपऱ्यातल्या कॉर्नर फ्लॅगला तिने व्यवस्थित वळसा घातला आणि मग ती माघारी वळली. तोवर समोरच्या टीमने तोच चेंडू नेऊन आमच्यावर गोल चढवला होता.

शेजारच्या खुर्चीवर आमचे प्राचार्य होते. "मॅडम, हे काही नवीन तंत्र आहे का?"

"हो सर," मी म्हटलं. खरं तर मलाही काही कळलं नव्हतं.

मी नगरमधल्या एका कॉलेजात स्पोर्ट्स डायरेक्टर आहे. आमची मुलींची फुटबॉल टीम तेव्हा दोन वर्षांची होती आणि दोन्ही वर्षं पहिल्याच मॅचला हरून घरी आली होती. टीम उभी केली ती सानिकाने. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. एफवायला आल्या आल्या तिने मला विचारलं होतं, "मॅडम, मुलींची टीम का नाही?" मी म्हटलं, मुली कुठे आहेत? तर ही बाई वर्गावर्गांत फिरून चौदा जणी घेऊन आली. त्यातल्या दोघींनी फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहिला होता.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, रिक्रूट करा. मोठी कॉलेजं तेच करतात." रिक्रूट करणं म्हणजे बाहेरचे तयार खेळाडू फी माफी आणि हॉस्टेल देऊन आपल्याकडे आणणं. मी सानिकाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणा मॅडम. पण माझं शेवटचं वर्ष आहे. मला एक मॅच जिंकायचीय. आणि खेळून जिंकायचीय, बाकावर बसून नाही."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

फुटबॉल येणाऱ्या मुली आमच्याकडे मुळात कमी, आणि ज्या असतात त्यांना बारावीतच कोणीतरी पळवतं. म्हणून मी पाथर्डीकडच्या एका शाळेची खो-खोची टीम हेरली. दम असा की बघतच राहावं! त्यातल्या पाच जणी निवडल्या. सगळ्यांत वेगवान रूपाली. तिच्या घरी गेले तेव्हा आईने मला नीट तपासून घेतलं.

"पायानंच खेळायचं ना? मंग काय न्हाई. पर मॅडम, एक आत्ताच सांगते. पोरगी जेवती लई. तुमच्या मेसला झेपंल का?"

"झेपेल."

"बगा बरं. मागनं तक्रार नको."

फायदे पहिल्याच आठवड्यात दिसले. पाचही जणी पहाटे सहाच्या ठोक्याला मैदानावर. त्यांना पाहून आमच्या जुन्या मुलीही वेळेवर यायला लागल्या. मी दोन वर्षं ओरडून जे झालं नव्हतं, ते आपोआप झालं. तोटे दुसऱ्या आठवड्यात दिसले. हॉस्टेलच्या मुलींना रोज दोन अंडी मिळायची, घरून येणाऱ्यांना काहीच नाही. लगेच दोन गट पडले. जुन्यांनी नव्यांचं नाव ठेवलं 'अंडेवाल्या'. शिवाय नव्या मुली पास देण्याआधी पुढचीच्या पाठीवर जोरात थाप मारायच्या. खो-खोत असा खो देतात, फुटबॉलमध्ये त्याला फाउल म्हणतात. ती सवय महिनाभरात मोडली. मी स्वतःवर खूश होते.

आणि मग राहुरीजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर पहिली मॅच आली. सकाळी क्रूझर गाडीत बसताना प्राचार्य म्हणाले, "आपण आणलेल्या पाचही जणी खेळल्या पाहिजेत. नाहीतर आणल्या कशाला?" पाच जणींना जागा करायची तर पाच जणी बाहेर बसणार. त्यांत सानिका होती. तिला सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. मला माझीच लाज वाटली.

आता त्या वळशाकडे येते. रूपालीने तो एकदा नाही, तीनदा घातला. तिसऱ्यांदा बाकावरून खुदकन हसू आलं. सानिका होती.

"मॅडम, ती खांबाला वळतेय!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत तिला मागे फिरता येत नाही. रूपाली सात वर्षं तेच करत होती. आमचा सराव अर्ध्या मैदानावर चालायचा आणि कॉर्नर फ्लॅग माझ्या ऑफिसच्या कपाटात कुलपात असायचे. इथे पळता पळता तिला समोर खांब दिसला, आणि पाय आपोआप पळाले.

हाफ टाइमला आम्ही एका गोलने मागे. मी रूपालीवर चिडले. "अगं, मधूनच वळायचं!"

"कळतंय मॅडम, पर पाय ऐकत न्हाईत. मागं वळली की फाउल झाल्यागत वाटतंय." बिचारी रडायच्या बेतात होती.

सानिका मधे पडली. "मॅडम, तिला आज वळायला शिकवू नका. पळू दे तिला फ्लॅगपर्यंत. मला आत घ्या, थ्रो मी टाकते."

इथे थोडं सांगायला हवं. समोरच्या बचाव करणाऱ्या मुलींच्या पलीकडे आधीच जाऊन थांबलेल्या खेळाडूला पास देता येत नाही, त्याला ऑफसाइड म्हणतात. पण चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की तो हाताने आत फेकतात. त्या थ्रोला हा नियम लागत नाही. आणि गिरणीत धान्याची पोती उचललेल्या सानिकाचा थ्रो लांबलचक जायचा.

मी एका नव्या मुलीला बाहेर बोलावलं. प्राचार्य उठून उभे राहिले. "मॅडम, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं सर. ते चुकलं. हरलो तर मला मेमो द्या."

ते बसले.

दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला चेंडू उजवीकडे बाहेर गेला. रूपाली फ्लॅगकडे सुटली. तिला अडवणारी समोरच्या टीमची मुलगी कंटाळून थांबली, तिला वाटलं ही पुन्हा फिरायला निघाली. सानिकाने चेंडू डोक्यामागून भिरकावला. रूपाली फ्लॅगला वळसा घालून आली ती थेट गोलच्या तोंडाशी, आणि चेंडू तिच्या पायाशी. एक-एक!

त्यानंतर प्रत्येक थ्रोला त्यांच्या दोघी-दोघी रूपालीमागे फ्लॅगपर्यंत पळायला लागल्या. मध्ये जागा मोकळी. शेवटच्या काही मिनिटांत सानिकाने थ्रो जवळच टाकला, चेंडू तिच्याकडे परत आला आणि तिने मारला. देखणा वगैरे काही नव्हता तो, गोलकीपरच्या पायांतून घरंगळत गेला. शिट्टी वाजली तेव्हा रूपालीने सानिकाला खांद्यावर घेतलं होतं आणि मी रडत होते. प्राचार्यही माझ्याशी हात मिळवताना डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मॅचला आम्ही एका मोठ्या कॉलेजकडून चार-शून्यने हरलो. त्या टीमच्या अकराच्या अकरा मुली रिक्रूट केलेल्या होत्या, आणि त्यांना वळता येत होतं.

पुढच्या वर्षी रूपालीला पुण्याच्या एका कॉलेजने नेलं. तिनेच फोन केला. "मॅडम, राग मानू नका. हितं हास्टेलला चिकन हाय." मी रागावले नाही. मीही तिला अंड्यांवरच आणली होती. सानिका पास होऊन नोकरीला लागली. अजूनही रविवारी मैदानावर येते आणि नव्या मुलींना थ्रो शिकवते.

प्राचार्य आता दर जूनला विचारतात, "मॅडम, यंदा किती रिक्रूट?" मी म्हणते, दोन-तीन आणूया सर. पण त्यांच्याकडे चेंडू कोण टाकणार, ते आधी आपल्याच वर्गांत शोधू या.