खाडीच्या रस्त्यावरचा रविवार

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका शाळेच्या मैदानावर मी बरीच वर्षं स्काऊटचं पथक चालवतो आहे. मुलं-मुली दोन्ही असतात. नवीन पालक आले की पहिला प्रश्न ठरलेला: यात मुलांना मिळतं काय? मी सांगतो, दर रविवारी सकाळी यायचं, गणवेश स्वतः धुवून इस्त्री करायचा, गाठी शिकायच्या, प्रथमोपचार शिकायचे, वर्षातून एकदा शिबिराला जायचं आणि तिथे स्वतः रांधायचं. पथकाचे सात-आठ जणांचे संघ असतात. संघनायक मुलंच निवडतात. संघनायकांची मिळून मानसभा भरते आणि पथकाचे बहुतेक निर्णय तिथे होतात. मी तिथे बसतो, पण शेवटी बोलतो. पालकांना हे शेवटचं फारसं पटत नाही.

त्या वर्षी एका संघाने चौदा वर्षांच्या एका मुलीला नायक केलं. कोपर गावातलं जुनं आगरी घर तिचं. पणजोबा मिठागरात राबलेले, वडिलांची आता दोन इमारतींत दुकानं. मुलगी अबोल होती. तिलाच का निवडलं, असं मी संघातल्या एकाला विचारलेलं. तो म्हणाला, ती ओरडत नाही, म्हणून तिचं ऐकावंसं वाटतं.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही खाडीच्या दिशेने पायी निघालेलो. तिचा संघ पुढे होता, मी सगळ्यात लहान मुलांबरोबर मागे. वळणापलीकडून एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, सर, एक आजोबा पडलेत.

मी पोचलो तेव्हा सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला उताणे होते. पायांत कॅनव्हासचे बूट, अंगात स्वेटर. सकाळी फिरायला निघालेले असावेत. ती गुडघ्यांवर बसून, हात ताठ ठेवून त्यांची छाती दाबत होती. शेजारी एक मुलगा मोठ्याने आकडे मोजत होता. तिने एकाला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला लावलं होतं, दोघांना रिक्षा थांबवायला पाठवलं होतं. वर्गात शिकवलेलं सगळं क्रमाने चाललं होतं. मी म्हटलं, आता मी करतो. ती बाजूला झाली, पण उठली नाही. त्यांचा हात धरून बसून राहिली.

रुग्णवाहिका येईना, म्हणून आम्ही त्यांना रिक्षात घातलं. मोठ्या मुलांना बाकीच्यांना घेऊन मैदानावर परतायला सांगितलं. ती मात्र रिक्षात पुढे, चालकाच्या शेजारी, कुणालाही न विचारता बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. ते गेले होते.

बाहेर बाकावर तिने मला विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग ते कसे गेले?"

तिला खरं तेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सगळं बरोबर करूनही माणूस जातो कधी कधी." तिने मान डोलावली, पण ते तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी तिचे वडील माझ्या घरी आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण बसलेही नाहीत. म्हणाले, "सर, आमी पोरीला शिकायला पाठवली. तिच्या हातात मानूस गेला. ती जेवली नाय." मी फक्त ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मानसभेत तिच्या संघाचं काय करायचं, यावर चर्चा झाली. कुणीतरी नवा नायक निवडू या म्हणालं. तिचा उपनायक, आठवीतला मुलगा, म्हणाला की संघ मी सांभाळतो, पण नायक व्हायचं नाही. ती येईपर्यंत नाही. आणि नाही आली तर, असं दुसऱ्याने विचारलं. तेव्हा बघू, म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

मग एका रविवारी मैदानाच्या फाटकाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळीसच्या असतील. ठाण्याला नौपाड्यात राहत होत्या. त्या गृहस्थांच्या त्या मुलगी. वडील हट्टाने इथे एकटे राहत, रोज फिरायला जात. दवाखान्यातून त्यांना आमच्याबद्दल कळलं होतं. वडिलांजवळ होती त्या मुलीला भेटता येईल का, असं त्यांनी विचारलं.

मी आधी तिच्या घरी फोन केला. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आणा.

बैठकीच्या खोलीत ती आईजवळ बसली होती, खाली बघत. आईने पाणी आणलं. बाईंनी घोटभर घेतलं आणि विचारलं, "बाबा काही बोलले का?"

मला वाटत होतं, ती पोचण्याआधीच ते बेशुद्ध झाले असतील. तिने आम्हाला काही सांगितलंच नव्हतं.

"बोलले," ती म्हणाली. "चष्मा पडलेला त्यांचा. मी जवळ गेले तर म्हणाले, बाळा, चष्म्यावर पाय देऊ नकोस. मी तो उचलून त्यांना दाखवला. मग त्यांनी माझा हात पकडला. नंतर श्वास थांबला."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चष्मा नवा होता, फार जपायचे.

"काकू, मला नाही वाचवता आलं," मुलगी म्हणाली.

बाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "अगं, मी इतके दिवस डोळे मिटले की मला ते रस्त्यावर एकटे पडलेले दिसायचे. तू होतीस ना तिथे. मला एवढंच हवं होतं."

तेव्हा ती रडली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच रडतेय, असं तिची आई मला हळूच म्हणाली. वडील उठून गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

बाईंना रिक्षात बसवून दिल्यावर ते मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडायला आले. उतरताना म्हणाले, "ती म्हनंल तसं करू, सर. मी मधी येनार नाय."

काही आठवड्यांनी ती आली. गणवेशाला इस्त्री होती. संघाच्या रांगेत ती सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली. उपनायकाने ते पाहिलं आणि तो स्वतःच्या नेहमीच्या जागी, दुसऱ्या क्रमांकावर उभा राहिला. पहिली, नायकाची जागा मोकळी राहिली. पुढच्या रविवारीही तसंच. तपासणी घेताना मी त्या मोकळ्या जागेपासून सुरुवात करायचो आणि कुणालाच काही म्हणायचो नाही. हा त्यांच्या संघाचा प्रश्न होता.

शिबिराच्या आधीच्या रविवारी शिट्टी झाली तेव्हा ती मागून चालत पुढे आली आणि पहिल्या जागेवर उभी राहिली. उपनायक जागचा हलला नाही, फक्त एक हात लांबवून त्याने दोघांमधलं अंतर नीट केलं. मग तिने संघाला सावधानचा हुकूम दिला, आणि आम्ही ध्वजाकडे वळलो.