शेवटी घालायच्या काड्या

सबनीसबाईंसमोर ‘अमुक घेतलं आणि बरं वाटलं’ असं म्हणण्याची चूक माणूस एकदाच करी. मी ती पहिल्याच दिवशी केली. दुबईत जबल अलीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या, साठीकडे झुकलेल्या बाईंना मी सहज म्हणालो, की आल्याचा काढा घेतला आणि सर्दी गेली.

“वा! कशाने?”

“काढ्याने.”

“काढ्याने, की दोन दिवस रजा घेऊन झोपलात त्याने? की ती तशीही जायचीच होती?”

शारजातल्या अल नहदापासून जबल अलीपर्यंत बसला तासाहून अधिक लागतो. तेवढा वेळ मी रजेचे दिवस बोटांवर मोजत राहिलो. बसमधून उतरल्यावर कळलं, की याच माझ्या नव्या साहेब.

आमच्या छोट्या प्रयोगशाळेचं काम एका चिनी काढ्याचं होतं. डोकं जड होणं, चक्कर येणं यावर तो पिढ्यान्‌पिढ्या देतात. त्यात चार वनस्पती. मुख्य म्हणजे एका वेलीच्या, माशाच्या गळासारखे आकडे असलेल्या काड्या. रक्तवाहिनीच्या पेशी या काढ्याने सैलावतात का, आणि सैलावत असतील तर त्यातल्या कोणत्या द्रव्यामुळे, हे आम्हाला शोधायचं होतं. कोणत्या बाटलीत काढा आणि कोणत्या बाटलीत नुसतं रंगीत पाणी, हे चाचणी करणाऱ्याला कळू नये म्हणून बाई बाटल्यांना आकडे देत. त्या आकड्यांची यादी त्यांच्या पर्समधल्या मिसळणाच्या जुन्या स्टीलच्या डबीत असे. “कंपनीचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो,” त्या म्हणत. “बाईच्या पर्सला कोणी हात लावत नाही.”

अखेरच्या फेरीत मी सात वेळा काढा केला. सहा वेळा पेशी ढिम्म. चौथ्या वेळी मात्र त्या अशा सैलावल्या, की आलेख पाहून आमचे डायरेक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी लगेच हॉटेलचा हॉल ठरवला, ढोलवाले सांगितले, आणि ‘पाच हजार वर्षांचं ज्ञान, विज्ञानाची मोहर’ असा फलक छापायला टाकला.

“हबीबी डॉक्टर, एक आलेख पुरे. सही करा, खलास!”

“मोहर माझी ना?” बाई म्हणाल्या. “मग ती अजून उमटायची आहे. सातांपैकी एकच पोरगं वर्गात हजर. ते का आलं, हे कळल्याशिवाय मी सही करत नाही.”

निवृत्तीपूर्वीचं त्यांचं हे शेवटचं काम होतं. सही केली तर खोटेपणा, न केली तर चार वर्षांचं काम गुंडाळलं जाणार. समारंभाला आठ दिवस उरले होते. बाई रोज माझी वही उलटून पाहत. सातही नोंदी अगदी सारख्या होत्या.

त्या सारख्या नव्हत्या, हे फक्त मला माहीत होतं. चौथा काढा उकळत असताना मुलाच्या शाळेची बस चुकल्याचा फोन आला, आणि त्या गडबडीत काड्या ओट्यावरच राहिल्या. चाळीस मिनिटांपैकी दहाच उरली तेव्हा त्या दिसल्या. मी घाईने टाकल्या आणि वहीत नेहमीचंच लिहिलं. प्रयोगशाळेत चूक माफ असते. खोटी नोंद नसते.

तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी सगळं सांगून टाकलं. शारजाच्या हद्दीवर बस नेहमीसारखी अडकली. मी मनात बॅगा भरायला घेतल्या.

“मंदार,” त्या वळून म्हणाल्या. चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळलेला. “चुकलास ते उत्तम केलंस. लपवलंस ते अत्यंत वाईट. उद्या वहीत जुन्या नोंदीवर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही आणि सही कर. आता रोल्लाला उतर माझ्याबरोबर.”

शारजाच्या रोल्ला बाजारात लिन या चिनी आजोबांचं जडीबुटीचं दुकान होतं. तीस वर्षं इथे राहून त्यांनी गिऱ्हाइकांपुरती हिंदी उचलली होती. काड्या किती वेळ उकळता, असं त्यांनी विचारलं.

“चालीस मिनिट,” बाई म्हणाल्या.

“सब? एक साथ?” आजोबांनी कपाळावर हात मारला. “मॅडम, ये लास्ट में! लास्ट दस मिनिट! मेरी दादी को भी मालूम था. आप लोगों ने पूछा नहीं?”

बाई तिथल्याच स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “माझ्या घरात कोणी आमटीत आधी कोथिंबीर टाकून चाळीस मिनिटं रटारटा उकळली असती, तर मी डाव घेऊन धावले असते. आणि इथे चार वर्षं मी तेच करतेय!”

पुढच्या चार दिवसांत सहा काढे झाले. तिनांत काड्या आधी, तिनांत शेवटी. डबी उघडली ती लिन आजोबांसमोर. शेवटी घातलेले तिन्ही हजर, आधीचे तिन्ही गैरहजर. जास्त उकळलं की काड्यांतलं एक द्रव्य मोडतं, हे यंत्रानेही दाखवलं. आजोबांनी यंत्राची पाठ थोपटली.

समारंभात बाईंनी फलकाकडे एकदा पाहिलं आणि माइक घेतला. “काचेच्या थाळीतल्या पेशींवर एवढं दिसलं. माणसात काय होतं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. काड्या कधी घालायच्या, हे या गृहस्थांना माहीत होतं. कशाने काम होतं, ते आम्ही शोधत होतो. एकमेकांना विचारायला चार वर्षं लावली, त्यात विज्ञानाचा दोष नाही, आमचा आहे.”

डायरेक्टरांचा चेहरा पडला. ढोलवाल्यांना मात्र भाषण संपलं एवढंच कळलं. त्यांनी दणक्यात सुरुवात केली आणि लिन आजोबा टाळ्या वाजवत नाचू लागले. बाईंनी त्या गोंधळातच अहवालावर सही केली, तीही ‘थाळीतल्या पेशींपुरतं’ असं वर स्वतःच्या हाताने लिहून.

त्या आता मिरजेला असतात. जाताना डबी मला देऊन गेल्या. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

“इथे आल्यापासून गुडघ्यांना फार बरं वाटतंय रे.”

इतकी वर्षं मी या संधीची वाट पाहत होतो.

“कशाने, मॅडम?”

पलीकडून तेच स्टुलावरचं हसू.

“एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतेय. या आठवड्यात दुपारची झोप बंद केलीय. थांब, कळवते.”