पोर्टलवरचं स्थळ

माझ्या मुलीचं लग्न मी एका शुक्रवारी ठरवलं आणि शनिवारी मोडलं. मुलगी तेव्हा अमेरिकेत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सई तिथल्या कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळते. खेळते म्हणजे, वर्षभर तिला बाकावरच बसवून ठेवलं होतं. फोनवर रोज रडका आवाज. त्या शुक्रवारी मात्र स्वारी खुशीत होती.

"बाबा, मी पोर्टलवर नाव टाकलंय! तीन ठिकाणांहून इंटरेस्ट आलाय!"

पोर्टल म्हटलं की लग्नाच्या मुलीच्या मराठी बापाला एकच पोर्टल आठवतं. (दुसरं इथल्या, आखातातल्या सरकारी आयडी कार्डाचं, पण त्यावर कुणी इंटरेस्ट दाखवत नाही.) मी सरसावून बसलो.

"बरी आहेत का गं माणसं?"

"एक तर ड्रीम आहे, बाबा! फक्त हाइट त्यांना फार इम्पॉर्टन्ट आहे. उद्या सातला डेना तुला व्हिडिओ कॉल करेल. शी वॉन्ट्स टु मीट द फॅमिली. प्लीज नीट बोल, एकच जागा आहे."

"डेना कोण?"

"अरे, सगळं तीच ठरवते!"

म्हणजे सासू.

"अहो, पोरीला नीट विचारून तरी घ्या," बायको म्हणाली.

"वैशाली, तिनं आपणहून सांगितलं हेच खूप. खोदून विचारायचं नसतं!"

खरी धास्ती वेगळीच होती. सई सहा फूट उंच आहे. ती दहावीत असल्यापासून मला एकच घोर, हिच्या जोडीचा नवरा आणायचा कुठून? त्यात ही माणसं उंचीचीच चौकशी करणारी.

शनिवारी सातला सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सूट घालून बसलो. स्क्रीनवर पन्नाशीची बाई आली. गळ्यात शिट्टी. म्हटलं, घरात शिस्त दिसतेय. (पुढचं सगळं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी उत्तम आहे, तेच नडलं.)

"आमच्याकडच्या दोघी यंदा सोडून गेल्या," डेना म्हणाली.

"दोघी?"

"तिसरीही पोर्टलवर नाव टाकायच्या विचारात आहे. हल्ली चालायचंच."

मी वैशालीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"सईची उंची सहा फूट आहे ना?"

"छे छे! पाच-आठ," मी घाईनं म्हणालो. "फोटोत वाटते तशी. बुटांमुळे!"

डेनाचा चेहरा उतरला. मला वाटलं, अजून जास्त होतेय.

"पाच-सहाच धरा ना!"

"आणि... खेळाबद्दल तिचं काय म्हणणं?"

"ती काळजीच नको. एकदा तुमच्याकडे आली की बास्केटबॉल बंद!"

मग डेना हळूच म्हणाली, "सर, मी संघाची कोच आहे. माझ्या रोस्टरवर शेवटची एक जागा उरलीये."

रोस्टर! मआमीर भागातल्या आमच्या कारखान्यात शिफ्टचं रोस्टर मीच लावतो. त्या एका शब्दानं डोक्यात लख्ख उजेड पडला आणि सूटच्या आत घाम फुटला. तिकडे मुलींना संघ बदलायचा असला की त्या पोर्टलवर नाव टाकतात, आणि मागणी घालतात ते दुसऱ्या कॉलेजांचे कोच. पोरीनं वर्षभर बाकावर बसून पाहिलेलं स्वप्न मी दोन मिनिटांत पाच-सहावर आणून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"खलास! द्या इकडे," म्हणत वैशालीनं फोन हिसकावला आणि तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. त्या चौकटीवर सई तिसरीत असल्यापासूनच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. वैशालीनं सगळ्यात वरच्या खुणेला मोजायची टेप लावली आणि कॅमेरा समोर धरला.

"सिक्स फीट, मॅडम. अँड हाफ इंच. बास्केटबॉल नॉट बंद. ओन्ली फादर बंद."

डेना खो खो हसत सुटली.

सईला ती जागा मिळाली. नव्या कॉलेजचा फॉर्म भरून तिनं आम्हाला त्याचा फोटो पाठवला. 'घरच्यांपैकी कुणाशी बोलावं' या रकान्यात फक्त आईचं नाव होतं.

"आणि मी गं?"

"यू आर ऑन द बेंच, बाबा. होल सीझन."

असला अपमान कोण सहन करणार? मीही संघ बदलतो, पोर्टलवर नाव टाकतो, असं मी घरात जाहीर केलं.

"खुशाल टाका," वैशाली म्हणाली. "फक्त या खेपेला उंची खरी लिहा."