लिंबाखालचा काटा

गौतम गेल्याला आता महिना होईल. बातमी आली तेव्हा मी दुकानात होतो. बाजाराचा दिवस, समोर गिऱ्हाईक, काट्यावर तुरीची डाळ... फोनवर कमलवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाईजान, तुमचे दोस्त गेले." लातूरच्या दवाखान्यातून तो घरी येणार, म्हणून मी वाट बघत होतो. शटर ओढलं आणि आत बसून रडलो.

निलंग्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढं मी वडिलांच्या किराणा दुकानात बसलो आणि तो वजनमापे खात्यात निरीक्षक झाला, म्हणजे माझाच काटा तपासणारा! पहिल्यांदा आला तेव्हा मी कौतुकानं चहा मागवला. पठ्ठ्यानं आधी काटा तपासला, मग चहा घेतला, वर पैसेही स्वतःच दिले. मला असा राग आला होता! पण नोकरी संपत आली तसा तोच माणूस धाडींना विटला. "साहेब येणार म्हटलं की समद्यांचे काटे खरे. साहेब गेला की पुन्हा तेच. भीतीनं धंदा सुधरत न्हाई, रशीद. गिऱ्हाइकाच्या हातातच काटा द्याया पाहिजे." वरिष्ठांनाही त्यानं हे सांगून पाहिलं. ते हसले.

निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःचा काटा घेतला आणि बाजारात लिंबाखाली मांडून बसला. कुणीही यावं, घेतलेला माल फुकट मोजून बघावा. व्यापारी लई खवळले. मी म्हटलं, बाहेर धुळीत कशाला बसतोस, माझ्या दुकानात ठेव.

"तुझ्या दुकानात ठेवला की काटा तुझा झाला. मग कोण इश्वास ठेवंल?"

काही दिवस आमच्यात अबोला होता. पुढं मात्र काटा मारणाऱ्यांची गिऱ्हाइकं तुटायला लागली, आणि आम्ही व्यापारीच सांगू लागलो, "जा, साहेबाकडं मोजून ये." वजन नीट भरलं की गौतम म्हणायचा, "बरोबर हाय, जा." तेवढ्यावर माणूस निर्धास्त घरी जायचा.

परवा वहिनींनी तो काटा माझ्याकडं पाठवला. मी तो दुकानात घेतला नाही. लिंबाखालीच मांडला, शेजारी त्याची खुर्ची ठेवली. एक म्हातारी माझ्याकडून घेतलेली डाळ घेऊन तिथं गेली. वजन बरोबर भरलं. तरी ती हलेना... रिकाम्या खुर्चीकडं बघत उभी राहिली. 'बरोबर हाय, जा' एवढंच कुणीतरी म्हणायचं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण डाळ माझीच होती.