रावसाहेबांनी नापास केलेला माल

शंकरमामा मिस्त्री पहिल्यांदा आमच्या मागच्या दारी आले, तेव्हा त्यांच्या काखेत बदक होतं.

"बाई, तुमचा हौद जरा पायजे हुता."

"कुणाला?"

मामांनी बदकाकडे मान वळवली. "ह्यास्नी. रावसाहेब म्हणत्यात."

मुलांनो, तुमच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मामांनी तो कधीच पाहिला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या घरासमोर त्यांची लहानशी फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, होता आणि घर आमच्या भिंतीला लागून. नव्वदच्या दशकात ऑइल इंजिनाचे भाग ओतायचं काम आटत गेलं. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटू लागली, तेव्हा मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत परदेशची ऑर्डर आली: मासेमारीच्या बोटींसाठी गळाच्या दोऱ्या, प्रत्येकीत ठरलेल्या जागी शिशाचं वजन बसवलेलं. आठ कामगारांची नोकरी त्या ऑर्डरवर टिकून होती.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून कागद माझ्याकडे आले. बोटीमागे दोरी सोडली की गळाला लावलेलं आमिष थोडा वेळ वरच राहतं. समुद्रपक्षी त्यावर झडप घालतात, गळ चोचीत अडकतो आणि दोरीबरोबर ओढले जाऊन ते बुडून मरतात. आमिष झटकन खाली जावं म्हणून ते वजन. सोबत पक्ष्याचं चित्र होतं आणि पंखांचं माप. मामांनी ते माप भिंतीवर हात पसरून घेतलं. दोन्ही हात पुरले नाहीत.

"येवढं मोठं पावणं," ते म्हणाले, "जेवाय आलं आणि आपल्या दोरीनं बुडलं? शोभतंय व्हय कोल्हापूरला?"

म्हणून रावसाहेब आले. आमचा हौद पुरुषभर खोल. गळाच्या जागी भाकरीचा तुकडा बांधायचा, मामांनी स्टुलावरून दोरी सोडायची, मी घड्याळ बघून वहीत लिहायचं. "ज्वारीची का बाजरीची, त्ये बी लिवा," मामा बजावायचे. पहिल्या दिवशी रावसाहेबांनी सगळे तुकडे बुडायच्या आधीच खाल्ले. प्रत्येक वेळी मामा आखाड्यातल्या पंचासारखे ओरडत, "दोरी चितपट!"

तोवर माल खोक्यांत भरून झाला होता. ट्रक दारात उभा होता. मामांचा मुलगा सुरेश हौदापाशी धावत आला.

"आबा, माल ड्रॉइंगप्रमाणं हाय. बदकाला काय कळतंय?"

"समुद्रातल्या पाखराला तुझं ड्रॉइंग वाचता येतंय व्हय? ट्रक माघारी धाड."

ट्रक रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी मामांना गोम सापडली. वजन आमिषापासून दोन हात लांब होतं. ते बुडायचं, पण मधली दोरी ताणली जाईपर्यंत भाकरी वर तरंगत राहायची. मामांनी वजन एका वितीवर आणलं. रावसाहेब तीनदा हरले आणि रागाने सुरेशच्या पायाच्या अंगठ्याला चावले. मी तेही लिहिलं.

मग मी अंतर बदलायची परवानगी मागणारं पत्र टाइप केलं आणि सोबत दोन्ही दोऱ्यांचे नमुने धाडले. मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, टायपिंगमध्ये मिस्टेक आहे. 'इन्स्पेक्शन बाय डक' असं आलंय."

"मिस्टेक नाही."

मग त्यांनी 'डक'चं स्पेलिंग विचारलं.

त्यानंतर दीड महिना उत्तर नाही. भट्टी थंड पडली. सुरेश बापाशी बोलेना. रावसाहेब मात्र वेळेवर जेवत होते. एका संध्याकाळी मामा हौदाच्या कठड्यावर बसून म्हणाले, "बाई, आठ घरं हैत. बदकाचं ऐकून चुकलं तर न्हाय न्हवं?" त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिची पानं बोटाने एकेक करून चाचपली.

शेवटी फॅक्स आला. परदेशच्या लोकांनी आपल्या बोटीवर दोन्ही दोऱ्या सोडून पाहिल्या होत्या. वितीवरच्या वजनाने पक्षी पुष्कळ कमी अडकले. ऑर्डर कायम, अंतर बदकाचं. शिवाय प्रत्येक खेपेसोबत इन्स्पेक्टरचा सही केलेला रिपोर्ट पाठवावा, असंही लिहिलं होतं. मामांनी जराही न हसता शाईचं पॅड आणलं, रावसाहेबांचा पाय त्यात दाबला आणि मग कागदावर. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. वर्षानुवर्षं असेच रिपोर्ट जात राहिले. रावसाहेब म्हातारपणी गेले, तेव्हा मामांनी हौदात दुसरं बदक येईपर्यंत माल हलू दिला नाही.

काही वर्षांनी मामाही गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तर फौंड्रीच्या दारात भरलेला ट्रक उभा. मला वाटलं, संपली आता बदकाची तपासणी. एवढ्यात मागचं दार वाजलं.

सुरेश उभा होता. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले, काखेत बदक.

"काकू," तो खाली बघत म्हणाला, "वही हाय न्हवं?"

मी चष्मा शोधला आणि नव्या पानावर तारीख घातली.

"भाकरी कशाची?" मी विचारलं.