जावयाच्या अंगातले तीन तुकडे

वाटणीच्या वेळी थोरल्या जावेने घरातली प्रत्येक मोठी वस्तू आपल्याकडे ओढली. मोठं पातेलं, मोठं कपाट, मोठ्या खिडकीची खोली. धाकट्या जावेने ते सगळं नेऊ दिलं. दोन गोठ्यांमधली भिंत मात्र तिने स्वतः उभं राहून जाड बांधून घेतली. मेंढ्या मोजून वाटल्या. मेंढा एकच, आणि तो कापून वाटण्यात काही अर्थ नव्हता. मग तो एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहू लागला. दोन्हीकडचा पाहुणचार झोडून इतका माजला, की सगळे त्याला जावईच म्हणू लागले.

दोघी जावा बोलत त्या त्याच्यामार्फतच. "सांग हो तिकडे," थोरली त्याच्या कानाशी ओरडे, "टाकीत डासांची शेती करू नका म्हणावं!"

"जावईबापू," भिंतीपलीकडून येई, "त्यांना म्हणावं, आधी स्वतःचं डबकं उपसा!"

जावई रवंथ करी.

त्या वर्षी दोन्ही गोठ्यांतल्या मेंढ्या दिवस भरण्याआधीच गाभडू लागल्या. थोरलीची काळी मेंढी गाभडली, त्या दिवशी थोरलीला जेवण गेलं नाही. मग जावईही तापाने आडवा झाला आणि तिचा तोल सुटला. शेजाऱ्यांच्या देखत ती भिंतीवरून गरजली, "रोग ज्याच्या गोठ्यातला, त्याने जावयावर पाणी सोडायचं!"

"कबूल!" पलीकडून धाकटी म्हणाली.

थोरली बोलून बसली खरी, पण मग जावयाच्या पाठीवरून हात फिरवत बसली. कोकरू असताना त्याला बाटलीने दूध पाजलं होतं ते तिनेच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडच्या मेंढ्यांचं आणि जावयाचं रक्त तपासायला नेलं. काही आठवड्यांनी त्या निकाल घेऊन थोरलीच्या गोठ्यात आल्या.

"हा विषाणू डासांमुळे पसरतो. त्याची जनुकं तीन तुकड्यांत असतात, मोठा, मधला, लहान. तुमच्या गोठ्यातल्याचं घराणं वेगळं, पलीकडच्याचं वेगळं. जावयाला दोन्हीकडचे डास चावले. दोन्ही विषाणू एकदमच अंगात आले, तुकड्यांची अदलाबदल झाली आणि तिसराच जन्माला आला."

"अगंबाई! संसारच थाटला की मेल्यांनी," थोरली म्हणाली. "आणि त्या तिसऱ्यात मोठा तुकडा कुणाचा?"

"तुमच्याकडचा."

थोरलीची मान ताठ झाली. आपण काय पटकावलं ते क्षणभराने कळलं, तशी ती खाली आली.

"लहानही तुमच्याकडचाच. मधला तेवढा पलीकडचा."

भिंतीवर धाकटीचं डोकं उगवलं. "तीनातले दोन! जावई माझा!"

"मधल्यावाचून त्याचं अडतं का, ते विचार आधी!"

"अडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिन्ही लागतात."

"ऐक! तुझा मधला नसता तर हा जन्मलाच नसता!"

"आणि जाऊबाई, तुमचे दोन नसते तर?"

जावई कोपऱ्यात झोपलेला होता आणि आपण थेट बोलतोय, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

"पैज कुणीच जिंकली नाही," डॉक्टरीणबाई बॅग उचलत म्हणाल्या. "पण हा असाच फिरत राहिला तर आणखी नवे प्रकार तयार व्हायचे. त्याला एकाच जागी जाळीत ठेवा. आणि साचलेलं पाणी आजच उपसा, दोघीही."

"एकाच जागी म्हणजे कुणाकडे?" धाकटीने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," म्हणत त्यांनी काढता पाय घेतला.

थोरली जावयाकडे बघत राहिली. त्याची कूस भराभर हलत होती.

"तुझी झोपायची खोली गोठ्याला लागून आहे," ती भिंतीकडे न बघता म्हणाली. "याला धाप लागली तर तुला ऐकू येईल. ने तिकडे."

"जाळी पुरायची नाही माझ्याकडची," धाकटी म्हणाली. "तुमचीही आणा."

दिवस मावळायच्या आत दोघी जमिनीवर बसून दोन जाळ्या एकीला एक शिवत होत्या.

"टाके लांब पडतायत तुमचे," धाकटी म्हणाली. "डास आत जातील."

थोरलीने तिखट काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कानाशी गुणगुण ऐकू आली. तिने तोंड मिटलं आणि टाके उसवायला घेतले.