बारावं नाव

सहार विमानतळाच्या बाहेर, ट्रॉलीवर वही ठेवून बाबांनी माझी चिठ्ठी लिहिली. आई पिशवीत चटणीचा डबा कोंबत होती. मस्कतच्या हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी लागली होती, दुपारचं विमान होतं, आणि आमचं भांडण अजून मिटलं नव्हतं.

चिठ्ठी म्हणजे काय, हे घाटकोपरच्या आपल्या मंडळीत कुणाला सांगायला नको. जालन्याला परत गेलेले, दिंडोशीला, मुलुंडला पांगलेले, तुम्ही सगळे ती घेऊनच गेलात. पण तुमच्या पोरांसाठी सांगते. आपण प्रेसबिटेरियन. एक चर्च सोडून दुसऱ्यात जायचं तर जुन्या मंडळीचं पत्र लागतं, की ही बाई आमची सभासद आहे, तिला आपल्यात घ्या. त्याशिवाय नव्या ठिकाणी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मिळत नाही. बाबा मंडळीचे चिटणीस, म्हणून चिठ्ठ्या तेच लिहायचे.

आणि चर्च तरी कसलं, गिरणीच्या आवारातलं चिंध्यांचं गोडाऊन! आजोबांच्या वेळेस साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायला जालन्याकडून माणसं आणली, त्यात ख्रिस्ती घरं बरीच. गिरणीचा स्कॉटिश मॅनेजरही प्रेसबिटेरियन, त्याने ते गोडाऊन उपासनेला दिलं. साचेवाल्यांनी पाळी संपल्यावर भिंतींना चुना मारला, यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून बाकं केली. माझ्या बाकावर विलायतेतल्या कुठल्याशा बंदराचं नाव उलटं छापलेलं होतं. घंटा कधी घेतलीच नाही. गिरणीचा भोंगा होता ना, घंटा कशाला हवी?

मग संप झाला आणि भोंगा थांबला. पाळक गेले, त्यांना पगार कोण देणार? दर रविवारी उपासनेनंतर एक तरी घर बाबांपुढे उभं असायचं. बाबा चिठ्ठी लिहायचे आणि रजिस्टरात त्या नावांवर लाल रेघ मारायचे. आमच्यावर जी प्रेसबिटरीची सभा, तिचा नियम होता की मोठे सभासद बाराच्या खाली आले की मंडळी बंद करायची. मी निघाले तेव्हा आपण बाराच उरलो होतो.

आठवडाभर बाबा म्हणत होते, "जायचं तर जा, पोरी. फक्त चिठ्ठी मागू नकोस." मी वैतागले होते. दोन वर्षं घर माझ्याच ड्युट्यांवर चाललं होतं. म्हटलं, "बाबा, गिरणी मेली, मंडळी मेली. मढं किती दिवस घरात ठेवणार तुम्ही?" जिभेला हाड नव्हतं माझ्या. आई रडली. आणि विमानतळावर, मी पुन्हा न मागता, त्यांनी वही काढली. लिहून सही केली. "घे. परक्या मुलखात एकटी पडू नकोस."

मस्कतला उपासना शुक्रवारी असते. पहिल्या शुक्रवारी चिठ्ठी पर्समध्ये घेऊन गेले आणि दारातच थांबले. वाटलं, ही दिलीच नाही तर नाव तिकडेच राहील, बाराचे बारा राहतील. भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढे जायचं. शेजारची केरळची सिस्टर विचारायची, "तुम क्यूं नहीं लेता?" मी मान खाली घालायचे. दोन वर्षं असं चाललं. जीव तीळ तीळ तुटायचा, पण म्हणायचे, आपण इथे उपाशी बसून तिकडचं दार उघडं धरलंय. बाबांच्या पत्रात चर्चबद्दल एक अक्षर नसायचं. मला वाटायचं, राग असेल.

सुट्टीवर आले तर गोडाऊनला टाळं. आई म्हणाली, "तू गेलीस त्याच दिवशी रेघ मारली गं त्यांनी. चिठ्ठी दिली की नाव कापायचं, नियम आहे म्हणे. वरच्या सभेला स्वतःच कळवलं."

काय म्हणावं या माणसाला! कोण येणार होतं मोजायला? मग त्यांनी आईसकट उरलेल्या दहा जणांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. स्वतःची राहिली. चिटणिसाला स्वतःची चिठ्ठी लिहिता येत नाही आणि सही करायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. वरच्या सभेला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता दर रविवारी आईबरोबर मुलुंडच्या चर्चमध्ये जातात आणि प्रभुभोजनाआधी उठून बाहेर येतात. तिथले पाळक म्हणतात, "बसा हो, चिठ्ठीचं काय घेऊन बसलात!" पण बाबा ऐकतील तर शपथ.

मी तिथल्या तिथे कागद घेतला आणि बाबांची चिठ्ठी लिहिली, अगदी त्यांच्याच शब्दांत. बाबांनी चष्मा लावून वाचली, एक शब्द सुधारला आणि परत दिली. "चांगली लिहिलीस. पण सही कोण करणार? तू आता आपल्या मंडळीची नाहीस." रागाने नाही बोलले, नियम सांगावा तसं सांगितलं.

मग मला राहवलं नाही. सांगितलं, की माझी चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे दोन वर्षं तू..." एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. संपातसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही पत्रात विचारता, आता घर कुठलं मानतेस? त्या रविवारी मुलुंडला ताट यायच्या आधी आम्ही दोघंही उठलो आणि बाहेर पायरीवर बसलो. आत तुमच्यातलेच कितीतरी जण गात होते. घर म्हणून मला आता तेवढंच उरलंय, ती पायरी आणि शेजारी बाबा.